विजेची साठवण – भाग ६ : कॅथोडला पडणाऱ्या भेगा

मागच्या भागात आपण ग्राफाइटच्या अॅनोडवर जमणारा पापुद्रा पाहिला. बॅटरी म्हातारी झाली की खापर बहुधा त्याच्यावरच फुटतं, आणि ते बरंचसं खरंही आहे. पण निकेलच्या बॅटरीत समोरच्या बाजूला, कॅथोडमध्ये, जे घडतं ते समजून घेणं मला अधिक गरजेचं वाटतं. तिथली झीज किती वेगाने होईल हे बऱ्याच अंशी वापरणाऱ्याच्या हातात असतं.

एनएमसी ८११ हे नाव तुम्ही ऐकलं असेल : आठ भाग निकेल, एक भाग मँगनीज, एक भाग कोबाल्ट. या काळ्या भुकटीचा एक कण साधारण दहा मायक्रॉनचा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर कळतं, की तो एकसंध नाही. असंख्य बारीक स्फटिक एकमेकांना चिकटून झालेला तो गोळा आहे. प्रत्येक स्फटिकात ऑक्सिजन आणि धातूंचे थर एकावर एक रचलेले, आणि थरांच्या मधल्या फटींत लिथियम.

चार्जिंग सुरू झालं की लिथियम या फटींतून बाहेर पडतं. मधला आधार गेल्यामुळे समोरासमोरचे ऑक्सिजनचे थर एकमेकांना दूर ढकलतात आणि स्फटिक उंचीने थोडा वाढतो. पण लिथियमचा मोठा वाटा निघून गेला, व्होल्टेज ४.२ च्या आसपास आलं, की उलटंच होतं. ऑक्सिजनवरचा ऋण भार कमी झालेला असतो, ढकलाढकली ओसरते आणि थर झपाट्याने खाली बसतात. शेजारच्या स्फटिकाचं तोंड भलत्याच दिशेला असल्याने तो आपल्या दिशेने आक्रसतो. ताण येतो तो दोघांच्या सांध्यावर. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात, तशा या गोळ्याला पडतात; फरक इतकाच, की इथे पावसाळा आणि उन्हाळा एकाच चार्जिंगमध्ये उरकतो.

भेगेतून इलेक्ट्रोलाइट आत शिरतो आणि खरं नुकसान तिथून वाढतं. पूर्ण चार्ज अवस्थेतलं निकेल इलेक्ट्रॉनसाठी हपापलेलं असतं. ते इलेक्ट्रोलाइटचं विघटन घडवतं, पृष्ठभागावरचा ऑक्सिजन निसटतो आणि निकेलचे आयन लिथियमच्या जागेत सरकतात. आकार जवळपास सारखाच असल्याने (निकेल ६९ पिकोमीटर, लिथियम ७६) त्यांना ते सहज जमतं. थरांची रचना मोडून तिथे निकेल ऑक्साइडसारखं घट्ट कवच तयार होतं. ते काही नॅनोमीटरच जाडीचं, पण लिथियमची वाट अडवायला तेवढं पुरतं. काही तुकडे तर विजेच्या जोडणीपासून पार तुटतात. त्यांच्यातलं लिथियम जागच्या जागी अडकतं.

दर वेळी होणारा तोटा फार किरकोळ असतो, आणि म्हणूनच तो फसवा आहे. प्रत्येक चक्रात क्षमतेचा हजारावा भाग गेला, तर हजार चक्रांनंतर उरते जेमतेम ३७ टक्के. दहा हजारावा भाग गेला, तर उरते ९० टक्के.

कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या डलहौजी विद्यापीठात जेफ डॅन यांचा गट हाच सूक्ष्म तोटा मोजण्यात वाकबगार आहे. त्यांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं, की गोळ्याऐवजी एकेका स्फटिकाचे सुटे कण वापरले तर बॅटरी मोटारीला १६ लाख किलोमीटरहून अधिक साथ देऊ शकेल. सांधाच नसेल तर तो उसवणार कुठून! मला हा उपाय त्याच्या साधेपणामुळे फार मोलाचा वाटतो.

लोह-फॉस्फेटचं, म्हणजे एलएफपीचं, गणित वेगळं. जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या गटाने १९९७ मध्ये ते जगापुढे आणलं. चार्ज होताना तेही सुमारे सात टक्के आक्रसतं. पण त्यातला ऑक्सिजन फॉस्फरसने घट्ट धरून ठेवलेला असतो, त्यामुळे तो निसटत नाही. वजनाच्या मानाने ऊर्जा कमी, आयुष्य मात्र दांडगं.

आपल्याकडच्या ई-वाहनांत दोन्ही प्रकार आहेत, तेव्हा आपली बॅटरी कोणती हे आधी माहितीपुस्तिकेत पाहा. निकेलची असेल तर रोजच्या वापराला ८० टक्के चार्ज पुरे. लांब जायचं असेल तेव्हाच, निघायच्या थोडं आधी, शंभरपर्यंत न्या. पूर्ण भरलेली गाडी नागपूरच्या मे महिन्यात दिवसभर उन्हात उभी करू नका. एलएफपी असेल तर अधूनमधून शंभर टक्के भरायला हरकत नाही; उरलेल्या चार्जचा आकडा नीट दिसावा म्हणून काही उत्पादक तसं सुचवतातच.