कर्मचारी–स्वयंसेवक संघर्ष

कर्मचारी–स्वयंसेवक संघर्ष : नफ्याचा हेतू न ठेवता लोकसेवा करणाऱ्या संस्थांतील सवेतन कर्मचारी आणि विनावेतन स्वयंसेवक यांच्यात अधिकार, जबाबदारी व प्रतिष्ठा यांवरून उद्भवणारा संघर्ष. रुग्णालये, ग्रंथालये, वसतिगृहे, आपत्तिनिवारण पथके इ. ठिकाणी तो आढळतो.

हा संघर्ष वरवर स्वभावभेदाचा वाटला, तरी त्याचे मूळ बहुधा कामाच्या रचनेत असते. विनामूल्य श्रमामुळे आपली नोकरी धोक्यात येईल, अशी कर्मचाऱ्यास भीती वाटते; अनियमितपणे येणाऱ्याच्या चुकांचे उत्तरदायित्व आपल्यावर येते, अशीही त्याची तक्रार असते. उलट, आपल्या वाट्यास किरकोळ कामे येतात व निर्णयात आपणास स्थान नसते, असे स्वयंसेवकास वाटते. विश्वस्तच स्वयंसेवक असल्यास गुंतागुंत वाढते. कारण ज्याला सूचना द्यावयाच्या, तोच कर्मचाऱ्याचा नियोक्ता असतो.

वेतन आणि ध्येयनिष्ठा यांची सांगड घालण्याचा प्रश्न जुना आहे. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या (स्थापना १८८४) आजीव सदस्यांनी अल्प वेतनावर सेवा पतकरली होती. तथापि वेतन आणि संस्थेबाहेरील कामे यांविषयी त्यांच्यात तीव्र मतभेद झाले. आजीव सदस्याने आपली सर्व शक्ती संस्थेसच वाहिली पाहिजे, असा आग्रह धरणाऱ्या लोकमान्य टिळकांनी १८९० मध्ये राजीनामा दिला. त्याग समान असला, तरी त्याची मर्यादा आधी ठरलेली नसल्यास सहकाऱ्यांतही फूट पडते, हे यावरून दिसते.

कायद्याच्या दृष्टीने दोघांचे स्थान भिन्न आहे. बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात (१९७८) सर्वोच्च न्यायालयाने ‘उद्योग’ या संज्ञेचा व्यापक अर्थ लावला व धर्मादाय संस्थांनाही तीत सरसकट सूट दिली नाही. मात्र ध्येयाने प्रेरित व्यक्ती मुख्यतः विनावेतन वा नाममात्र मानधनावर जेथे सेवा देतात, अशा संस्था वगळल्या. औद्योगिक संबंध संहितेच्या (२०२०) व्याख्येतून पूर्णतः वा बव्हंशी धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी सेवा करणाऱ्या संघटनांच्या संस्था वगळलेल्या आहेत. त्यामुळे संस्थांतर्गत व्यवस्थेचे महत्त्व अधिकच वाढते.

निवारणाचा पहिला उपाय म्हणजे दोघांच्याही कामाचे लेखी वर्णन. स्वयंसेवकाने कोणाच्या देखरेखीखाली काम करावयाचे व कोणते निर्णय त्याच्या कक्षेत येत नाहीत, हे त्यात स्पष्ट असावे. विश्वस्त प्रत्यक्ष कामावर असताना विभागप्रमुखाच्या सूचना त्यासही बंधनकारक असाव्यात. सवेतन पद रिकामे ठेवून त्या जागी स्वयंसेवक नेमू नये. वाद उत्पन्न झाल्यास प्रथम दोघांचे म्हणणे स्वतंत्रपणे व नंतर एकत्र ऐकावे. समेट न झाल्यास त्या वादाशी संबंध नसलेल्या व्यक्तीकडे तो सोपवावा.

दोन्ही पक्ष आपला असंतोष सारख्याच रीतीने व्यक्त करीत नाहीत. कर्मचारी उपजीविकेसाठी संस्थेत राहतो आणि तक्रार करतो. स्वयंसेवक पुष्कळदा काहीही न बोलता येणे थांबवितो. संस्था त्यास उत्साहाचा अभाव समजते व मूळ कारण तसेच राहते. म्हणून तक्रारीचा मार्ग दोघांनाही सारखाच खुला असणे आणि संस्था सोडून जाणाऱ्या स्वयंसेवकास त्याचे कारण विचारणे आवश्यक ठरते.