परतीच्या सामन्याचा भरवसा

कापसाच्या मुलुखात जन्म गेलेल्या माणसास, पहिल्या वेचणीवरून पिकाचा निवाडा करू नये, हे निराळे शिकवावे लागत नाही. वर्धा जिल्ह्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटू लागतात आणि नेमका त्याच वेळी परतीचा पाऊस गाठतो. शुभ्र कापसाची डागाळलेली कवडी होते, आणि ती घेऊन हिंगणघाटच्या बाजारात जाणाऱ्याची मान आपोआप खाली जाते. तथापि त्याच पऱ्हाटीवर मागाहून फुटणारी बोंडे शिल्लक असतात, आणि वर्षाचा जमाखर्च दुसरी-तिसरी वेचणी घरात आल्यावरच मांडला जातो. युरोपातील क्लब फुटबॉलच्या बाद फेऱ्यांचे मला जे वेड आहे, त्याचे मूळ बहुधा या हिशेबाच्या सवयीतच असावे.

या फेऱ्यांची रचना प्रथम सांगितली पाहिजे. चॅम्पियन्स लीग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धेत २०२४-२५ च्या हंगामापासून ३६ संघ घेतले जातात व प्रत्येकाच्या वाट्याला साखळीचे ८ सामने येतात. गुणतक्त्यातील पहिले ८ संघ थेट अंतिम सोळांत दाखल होतात, नवव्यापासून चोविसाव्यापर्यंतचे १६ संघ फेब्रुवारीत आपसांत लढून उरलेल्या ८ जागा भरतात, आणि बाकीच्या बारांची रवानगी घरी होते. तेथून पुढे अंतिम सामना वगळता प्रत्येक लढत दोन सामन्यांची: एक आपल्या मैदानावर, दुसरा परक्या मैदानावर, आणि दोहोंतील गोलांची बेरीज करून निकाल. भाचा शाळेत असताना त्याने मला विचारले होते, “मामा, पयला सामना चार गोलांनी हरलेला संघ दुसरा खेळतेच काहून?” प्रश्न वाजवी होता, आणि त्याला दिलेले उत्तर माझ्या स्वतःच्याच गळी पुरते उतरलेले नव्हते, हे पुढे सिद्ध झाले.

ती रात्र ८ मार्च २०१७ ची. आपल्याकडे तारीख बदलून गेली होती. पॅरिसमधील पहिल्या सामन्यात पॅरिस सेंट-जर्मेन या संघाने बार्सिलोनाचा ४-० असा फडशा पाडला होता, आणि आता बार्सिलोनाच्या मैदानावर परतीचा सामना होता. सव्वा वाजता आम्ही दोघे आवाज बंद करून, घरातील निजलेल्या मंडळींस चाहूल लागू न देता, दूरचित्रवाणीसमोर बसलो. बार्सिलोनाने तीन गोल केले तेव्हा मी ताठ बसलो. परंतु ६२ व्या मिनिटास पॅरिसच्या कावानीने एक गोल परत केला, आणि त्या काळच्या नियमानुसार बार्सिलोनास आणखी तीन गोल अनिवार्य झाले. मी मनाशी बेरीज केली, मुकदमा निकालात निघाला असे ठरवले, सकाळच्या कामाचे निमित्त पुढे केले आणि अंथरुणावर पडलो. तीन वाजून गेल्यावर जंक्शनावरून एखादी मालगाडी शिटी देत निघावी तसा भाच्याचा आवाज कानावर आला: “मामा, उठा ना जी! सहावा टाकला!” ८८ व्या मिनिटापर्यंत ३-१ वर थबकलेला सामना नेमारच्या दोन आणि सर्जी रॉबर्टोच्या एका गोलाने ६-१ झाला होता, आणि ज्या पोराला मी आशेचे व्याख्यान दिले होते, त्याच्या डोळ्यांत माझ्याविषयीची किंचित कीव मला अंधारातही दिसली.

तो त्या काळचा नियम कोणता, हेही सांगण्याजोगे आहे. दोन्ही सामन्यांची बेरीज समान झाल्यास ज्याने परक्या मैदानावर अधिक गोल केले तो विजयी, अशी ही तजवीज होती. कावानीच्या त्या एका गोलाने बार्सिलोनास पाच गोलांची बरोबरीही निरुपयोगी ठरली, ती यामुळे. १९६५ च्या सुमारास हा नियम आला, त्यापूर्वी तिसरा सामना आणि तोही अनिर्णित राहिल्यास नाणेफेक, असा प्रघात होता. त्याच वर्षी लिव्हरपूल व जर्मनीतील कोलोन यांच्यातील तिन्ही सामने बरोबरीत सुटले, आणि रॉटरडॅमच्या मैदानावर पंचाने फेकलेली चकती चिखलात चक्क उभी रुतून बसली, म्हणून ती पुन्हा फेकावी लागली. दैवालाही पहिल्या फेकीत निकाल देववला नाही! परक्या मैदानावरील गोलाचा हा नियम २०२१ मध्ये रद्द झाला, कारण त्याच्या भयाने यजमान संघ पहिल्या सामन्यात हातपाय आखडून खेळतात, अशी तक्रार होती. आता बेरीज समान असली तर ३० मिनिटांचा जादा खेळ, आणि त्यानंतर पेनल्टी. त्या जादा खेळाला आमच्याकडील शब्द फरदड: मुख्य हंगाम सरल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवून, पाणी देऊन काढलेले पीक. त्यात कधी चार पैसे सुटतात, कधी गुलाबी बोंडअळीचेच फावते; म्हणूनच कृषी खाते ती घेऊ नका म्हणून बजावत असते.

बाद पद्धतीचे फुटबॉल आपल्याला परके आहे, असे मात्र कोणी समजू नये. मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ मध्ये, म्हणजे चॅम्पियन्स लीगचे पूर्वरूप असलेल्या युरोपीय चषकाच्या ६४ वर्षे आधी सुरू झाली, आणि सय्यद अब्दुल रहीम यांच्या तालमीत तयार झालेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे ती जिंकली. युरोपीय चषकाच्या पहिल्या पाच स्पर्धा रिअल माद्रिदने ओळीने जिंकल्या, त्या यानंतर. कोल्हापुरात पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर समोरासमोर उभे राहतात तेव्हा पेठाच्या पेठा तेथे लोटतात. तेथे पराभवाची रात्र पेठेत काढावी लागते, परंतु त्या रात्रीला पुढच्या बुधवारची तारीख मिळत नाही. युरोपातील लढतीचे सारे मर्म या मधल्या आठवड्यात आहे: निकाल राखून ठेवलेला असतो, आणि अर्ध्या पराभवाशी माणूस कसा वागतो, याची परीक्षा मैदानाबाहेर चाललेली असते.

याचा उत्तम दाखला पुढे त्याच पॅरिसने दिला. २०२४-२५ मध्ये हा संघ साखळीत पंधरावा आला, म्हणजे थेट प्रवेशास मुकला. अंतिम सोळांत त्याची गाठ साखळीत अव्वल आलेल्या लिव्हरपूलशी पडली, आणि पॅरिसमधील पहिल्या सामन्यात एकसारखे हल्ले चढवूनही, अॅलिसन बेकर या गोलरक्षकाने नऊ फटके परतवल्यामुळे, तो ०-१ असा हरला. २०१७ मध्ये ज्याने परतीच्या सामन्यात सर्वस्व गमावले होते, तोच संघ आता लिव्हरपूलच्या मैदानावर परतीच्या सामन्याचा आधार शोधीत गेला. तेथे १-० असा जिंकून, पेनल्टींवर ४-१ अशी सरशी करून बाहेर पडला, आणि मे महिन्याच्या अखेरीस म्युनिकमध्ये इंटर मिलानला ५-० असे नमवून प्रथमच युरोपचा विजेता झाला.

म्हणून येत्या बाद फेऱ्यांकडे पाहताना गुणतक्ता मी उशाशी ठेवणार नाही. साखळीत वर असण्याचा एक लाभ असा की अंतिम सोळांत परतीचा सामना आपल्या अंगणात होतो, आणि तो लाभ लहान नसला तरी अखेरचा शब्द नव्हे. पहिल्या सामन्यात मी गोलांपेक्षा खेळाची वीण पाहीन: हरलेल्या संघाच्या पऱ्हाटीवर न फुटलेली बोंडे किती उरली आहेत, ती. मार्चच्या अखेरीपर्यंत हे सामने आपल्याकडे रात्री दीडला लागतील, पुढे युरोपात घड्याळे तासभर पुढे सरकली की साडेबाराला. भाचा आता नोकरीनिमित्त पुण्यास असतो, साठाव्या मिनिटाच्या आसपास त्याचा फोन न चुकता येतो, आणि नमस्कार-चमत्कार न करता तो एवढेच विचारतो, “मामा, जागे हायेत ना जी?”