कोंबडीची गाठ

इ. स. १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत एक कोंबडी आणण्यात आली. तिच्या छातीवर मोठी गाठ होती. पेटन राउस या तरुण संशोधकांनी त्या गाठीचा अर्क काढून तो अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून गाळला. पेशी वा जंतू या गाळणीतून पार होत नाहीत. तरीही तो स्वच्छ रस टोचलेल्या निरोगी कोंबड्यांना तशाच गाठी आल्या. रोगाचे कारण जंतूहूनही लहान, म्हणजे विषाणू होते.

हा शोध १९११ साली प्रसिद्ध झाला. परंतु कोंबड्यांचा रोग कोंबड्यांपुरता, असे म्हणून बहुतेकांनी तो बाजूस सारला. स्वतः राउसही काही वर्षांनी दुसऱ्या कामाकडे वळले. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी! (हा विषाणू मनुष्यास कर्करोग करीत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणारे विषाणू निराळे.)

या विषाणूत 'सार्क' नावाचे एक जनुक असते. तेवढे नाहीसे झाले तर विषाणू वाढतो, पण तशी गाठ उत्पन्न करू शकत नाही. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात मायकेल बिशप, हॅरॉल्ड व्हार्मस व त्यांचे सहकारी यांना आढळले की, हेच जनुक थोड्या फरकाने निरोगी कोंबडीच्या आणि बदकाच्याही पेशींत असते. पुढे ते मनुष्यातही सापडले. म्हणजे विषाणूने ते कधी काळी कोंबडीच्याच पेशीतून उचलले होते. चोरीचा माल आपल्याच घरचा निघाला! पेशीत हे जनुक वाढीचा संदेश देणारे प्रथिन घडविते व त्यावर अंकुश असतो. विषाणूजवळील प्रतीत अंकुशाचा भागच गळालेला असतो.

उंदरांना रक्ताचा कर्करोग करणाऱ्या एका विषाणूतही असेच 'एबल' हे जनुक मिळाले. मनुष्याच्या एका जुनाट रक्तकर्करोगात ९ व्या व २२ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, एबल परक्या जनुकास जोडले जाते आणि त्याचे प्रथिन अहोरात्र संदेश देत राहते. त्या प्रथिनाच्या खाचेत नेमके बसून त्याचे काम थांबविणारे इमॅटिनिब हे औषध अमेरिकेत २००१ साली मान्य झाले. पूर्वी या रोगाचे अनेक रुग्ण काही वर्षांतच दगावत. आता रोज गोळी घेऊन पुष्कळजण दीर्घकाळ जगतात. काहींच्या बाबतीत प्रथिन पुन्हा बदलते, खाच औषधास दाद देत नाही, आणि मग दुसरे औषध द्यावे लागते.