मणक्यातले स्क्रू आणि त्यांच्याभोवतीचे गैरसमज

मणक्याच्या शस्त्रक्रियेबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मतं ऐकू येतात. जुनं मत असं, की पाठीला सुरी लागली की माणूस अंथरुणाला खिळलाच. नवं मत बरोबर उलटं: आता सगळं दुर्बिणीतून होतं, चार भोकं पाडतात, स्क्रू टाकतात आणि तिसऱ्या दिवशी घरी सोडतात. पहिली भीती बव्हंशी जुन्या काळातली आहे. दुसरी खात्री अर्धी खरी आहे, म्हणून ती जास्त फसवी. छोट्या छेदातून होणाऱ्या फ्यूजनने, म्हणजे दोन मणके एकमेकांना कायमचे जोडण्याच्या शस्त्रक्रियेने, हाडापर्यंत पोचण्याची वाट बदलली. तिथे पोचल्यावर करायचं काम जवळपास तेच राहिलं, आणि ते मुळात करावं की नाही हा प्रश्न तर तसूभरही हलला नाही.

सर्वांत घट्ट बसलेला गैरसमज असा, की स्क्रू आणि सळ्या मणके जोडतात. मणके जोडतं ते हाड. न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्स आणि फ्रेड अल्बी यांनी १९११ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, मणके जोडण्याच्या पद्धती प्रसिद्ध केल्या तेव्हा त्यांत धातू नव्हताच. मणक्याच्या क्षयात पाठ वाकू नये म्हणून अल्बी यांनी पायाच्या नडगीचा तुकडा काढून पाठीत बसवला होता. पॉल हॅरिंग्टन यांच्या पोलादी सळ्या १९६० च्या दशकात रूढ झाल्या, आणि मणक्याच्या खांबातून पुढच्या भागापर्यंत जाणारे स्क्रू फ्रान्समध्ये रॉय-कामिय यांनी त्याच सुमारास वापरायला सुरुवात केली. धातूचं काम स्लॅबखालच्या सेंटरिंगसारखं आहे: वरचं पक्कं होईपर्यंत हालचाल होऊ द्यायची नाही. फरक इतकाच, की इथे सेंटरिंग सहसा आतच ठेवतात. हाडाचा पूल तयार व्हायला सहा महिने ते वर्षभर लागू शकतं. तो झालाच नाही, तर रोजच्या हजारो छोट्या हालचालींनी धातू थकतो. स्क्रू सैल होतो किंवा सळी मोडते. ‘स्क्रू खराब निघाला’ असं आपण म्हणतो, तेव्हा बहुधा हाड जुळलेलं नसतं. त्याची कारणं रुग्णाच्या शरीरातही असतात: धूम्रपान, ठिसूळ हाडं, आटोक्यात नसलेला मधुमेह.

म्हणून ‘सगळ्यात महागडा इंप्लांट टाका’ हा हट्ट फारसा कामाचा नाही. दोन मणक्यांमधली झिजलेली गादी काढून तिथे जो केज, म्हणजे पोकळ ठोकळा, बसवतात तो प्रामुख्याने टायटॅनियमचा किंवा पीक या प्लास्टिकवर्गीय पदार्थाचा असतो. टायटॅनियम हाडापेक्षा कितीतरी ताठ, त्यामुळे तो मणक्यात रुतण्याची धास्ती. पीकची लवचीकता हाडाच्या जवळची आणि त्यातून एक्स-रे आरपार जातो, पण त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागाला हाड नीट धरत नाही. यावर तोड म्हणून आता थ्रीडी छपाईने बनवलेले सच्छिद्र टायटॅनियमचे केज आले आहेत. कल्पना चांगली, प्रयोगशाळेतले निष्कर्षही चांगले. मात्र त्यामुळे रुग्णाचं दुखणं ठळकपणे कमी होतं, असा भक्कम पुरावा अजून नाही. नव्या वस्तूवर किती लवकर विश्वास टाकावा याचं उत्तर अमेरिकेतल्या एका प्रकरणात सापडतं. हाड वाढवणारं बीएमपी-२ हे प्रथिन २००२ मध्ये तिथल्या एफडीएने एका ठरावीक शस्त्रक्रियेसाठी मान्य केलं, आणि पाहता पाहता ते मान्यता नसलेल्या ठिकाणीही सर्रास वापरलं जाऊ लागलं. ते बनवणाऱ्या कंपनीच्या पैशांतून झालेल्या सुरुवातीच्या चाचण्यांत दुष्परिणाम जवळजवळ दिसलेच नव्हते. २०११ मध्ये ‘द स्पाइन जर्नल’ने केलेल्या फेरतपासणीत त्यांचं प्रमाण आधीच्या अंदाजाच्या दहा ते पन्नास पट निघालं. २०१३ मध्ये येल विद्यापीठाच्या पुढाकाराने दोन स्वतंत्र गटांनी मूळ आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा रुग्णाच्या स्वतःच्या कमरेच्या हाडापेक्षा त्या प्रथिनाचा ठळक फायदा दिसला नाही.

आता छेदाकडे वळू. खुल्या शस्त्रक्रियेत पाठीच्या मध्यभागी चीर देऊन स्नायू हाडावरून सोलून बाजूला धरावे लागतात, आणि नंतरचं बरंचसं दुखणं त्या स्नायूंचं असतं. स्नायूंच्या दोन पदरांमधून वाट काढता येते हे शल्यचिकित्सक विल्टसे यांनी १९६८ मध्येच दाखवलं होतं. १९९० च्या दशकात केविन फोली यांच्यासारख्या शल्यचिकित्सकांनी एकावर एक जाड होत जाणाऱ्या नळ्या सरकवून स्नायू न कापता फाकवण्याची साधनं आणली. शेवटच्या नळीतून, सूक्ष्मदर्शकाखाली, गादी काढून केज बसवतात. मग एक्स-रेच्या पडद्यावर पाहत सुईतून तार, आणि तारेवरून पोकळ स्क्रू. यात लेझर कुठेच नाही. दुर्बीणही दर वेळी नसते. रोबोट असला, तरी तो स्क्रूची दिशा धरून देतो. शस्त्रक्रिया सर्जनच करतो.

फायदे खरे आहेत: रक्तस्राव कमी, रुग्णालयातला मुक्काम कमी, पहिल्या काही आठवड्यांतलं दुखणं कमी. वजन जास्त असलेल्या रुग्णात हे फार मोलाचं ठरतं. पण दोन वर्षांनी खुल्या आणि छोट्या छेदाच्या रुग्णांची तुलना केली, तर दुखणं, हालचाल आणि हाड जुळण्याचं प्रमाण जवळपास सारखं निघतं. किरणोत्सर्गाचा डोस छोट्या छेदात जास्त, आणि सर्जनचा हात बसायलाही बऱ्याच शस्त्रक्रिया जाव्या लागतात. कोणी म्हणेल, दोन वर्षांनी सारखंच असेल तर कमी त्रासाची वाट का निवडू नये? जरूर निवडावी, फ्यूजन लागणारच असेल तर. गोम याच ‘तर’मध्ये आहे. शस्त्रक्रिया सोपी वाटू लागली, की तिच्यासाठी लागणारं कारणही हलकं होत जातं.

आणि फ्यूजन कोणत्या कारणासाठी करावं, याबद्दलचा पुरावा विचार करायला लावणारा आहे. पायाकडच्या नसांची नळी अरुंद झालेल्या २४७ रुग्णांवरची स्वीडिश चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. दाब नुसता मोकळा केलेले आणि सोबत मणके जोडलेले, अशा दोन्ही गटांत दोन वर्षांनी फरक निघाला नाही, अगदी मणका पुढे सरकलेल्यांतही नाही. नॉर्वेच्या २०२१ मधल्या चाचणीत मणका सरकलेल्या २६७ जणांपैकी नुसता दाब काढलेल्यांत ७१.४ टक्के आणि मणके जोडलेल्यांत ७२.९ टक्के लोकांना अपेक्षित सुधारणा मिळाली. उलट बाजूचाही पुरावा आहे, तो लपवू नये. २०१६ मधल्याच एका अमेरिकी चाचणीत फ्यूजनवाले थोडे बरे निघाले आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचं प्रमाण त्यांच्यात १४ टक्के, दुसऱ्या गटात ३४ टक्के होतं. मात्र रुग्ण फक्त ६६. नुसत्या जुनाट कंबरदुखीत तर फ्यूजनची बाजू आणखी कमजोर आहे. २००१ च्या स्वीडिश चाचणीत फायदा दिसला होता. नंतर नॉर्वे आणि ब्रिटनमध्ये तुलना शिस्तबद्ध व्यायाम आणि समुपदेशनाशी केल्यावर तो जवळपास विरला. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये सांगूनच टाकलं, की साध्या कंबरदुखीसाठी चाचणीबाहेर फ्यूजन सुचवू नये.

या चाचण्यांनंतर साधनं सुधारली, असा आक्षेप सर्जन घेतात. तो अगदीच पोकळ नाही, पण नवी साधनं मुख्यतः वाट आणि पकड सुधारतात. हाड उत्तम जुळूनही दुखणं राहतं, कारण दुखणं त्या सांध्यातून येतच नव्हतं, ही अडचण कोणत्याही धातूने सुटत नाही. एमआरआय इथे सहज चकवतो. ३,११० निरोगी, न दुखणाऱ्या माणसांच्या तपासण्या एकत्र केल्या, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत गादीची झीज सापडली. म्हणजे अहवालात ‘झीज’ आली की स्क्रू, हे गणित मुळातच चुकीचं आहे. अपघातात मोडलेला मणका, हलताना घसरणारा मणका, गाठ, पोखरून टाकणारा जंतुसंसर्ग, वाढतं पाठीचं वाकडेपण: इथे मात्र बऱ्याचदा फ्यूजनला चांगला पर्याय नसतो.

उरलेल्या भीतींचं थोडक्यात. एक जोड बसवल्याने पाठ लाकडासारखी होत नाही. वाकण्याचं बरंचसं काम खुब्याचे सांधे करतात. टायटॅनियम असताना एमआरआय काढता येतो, आसपासचं चित्र थोडं धूसर येतं एवढंच. शेजारच्या सांध्यावर ताण येतो ही चिंता मात्र निराधार नाही. एका अमेरिकी अभ्यासात शेजारच्या सांध्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचं प्रमाण दहा वर्षांत ३६ टक्क्यांच्या आसपास निघालं. त्यातला किती वाटा वयाचा आणि किती फ्यूजनचा, यावर वाद आहे. छेद छोटा असल्याने तो धोका नाहीसा होत नाही.

तेव्हा डॉक्टरांना आधी विचारावं: नुसता दाब काढून भागणार नाही का, मणके जोडायचे कशासाठी, आणि दुखणं तिथूनच येतं हे कशावरून? छेद किती, कंपनी कोणती, हे प्रश्न त्यानंतरचे. पाय लुळा पडत असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल किंवा बैठकीचा भाग बधिर झाला असेल, तर वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. बाकी बहुतेकांकडे दुसऱ्या सर्जनचं मत घेण्याइतका वेळ असतो, तो घ्या.