साध्या इंजिनाला टर्बो बसवण्याआधी

वाईहून पसरणी घाट चढून महाबळेश्वर गाठेपर्यंत छोट्या इंजिनाची गाडी दमून जाते. चढ हे एक कारण, विरळ हवा हे दुसरं. साडेतेराशे मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा जवळपास १५ टक्क्यांनी कमी असतो, आणि साध्या इंजिनाला बाहेरच्या दाबाने आत येईल तेवढ्याच हवेवर भागवावं लागतं. पेट्रोल नीट जळायला वजनाने त्याच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. ताकद वाढवायची तर आधी हवा वाढवायला हवी.

हवा कोंबायचे दोन मार्ग

सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम वायूवर टर्बोचार्जरची चक्री फिरते, आणि त्याच दांड्यावरची दुसरी चक्री ताजी हवा दाबून इंजिनात ढकलते. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांचं या कल्पनेचं पेटंट १९०५ सालचं आहे. सुपरचार्जर इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. त्यामुळे तो लगेच प्रतिसाद देतो, पण इंजिनाचीच थोडी ताकद खातो.

दाब दीडपट, हवा तेवढी नाही

इथे अनेकांचा हिशेब चुकतो. हवा दाबली की तापते. बाहेर २७ अंश तापमान असताना दाब दीडपट केला, तर चांगल्या टर्बोतूनही हवा ८० अंशांच्या आसपास बाहेर पडते. तापलेली हवा फुगते, म्हणून प्रत्यक्षात हवेचं वजन साधारण २७ टक्केच वाढतं. इंटरकूलरने तीच हवा ४५ अंशांवर आणली, तर वाढ ४० टक्क्यांवर जाते. एवढा फरक पडत असताना इंटरकूलरवर काटकसर करणं मला अजिबात पटत नाही.

खरा शत्रू: नॉकिंग

जास्त दाब आणि जास्त उष्णता एकत्र आली की ज्योत पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं आणि इंजिन ठोकू लागतं. हे चालू राहिलं तर पिस्टनच्या कडा तुटतात, हेड गॅस्केट जातं. हे टाळायला टर्बो इंजिनाचं कॉम्प्रेशन कमी ठेवतात. माझदाचं उदाहरण बोलकं आहे. १९८९ साली आलेल्या एमएक्स-५ मधल्या १.६ लिटर इंजिनाचं कॉम्प्रेशन गुणोत्तर ९.४ होतं, त्याच कुळातलं टर्बो इंजिन ३२३ या गाडीत बसवताना कंपनीने ते ७.९ वर ठेवलं होतं. आजची साधी पेट्रोल इंजिनं दहा-अकराच्या घरात असतात. त्यांना बाहेरून टर्बो लावला, तर दाब बेताचाच ठेवावा लागतो, पेट्रोल चांगल्या ऑक्टेनचं घ्यावं लागतं आणि ठिणगी थोडी उशिरा पाडावी लागते.

ट्यूनिंग आणि ऑईल

हवा वाढली की पेट्रोलही त्याच मापात वाढायला हवं: मोठे इंजेक्टर, गरजेप्रमाणे मोठा पंप आणि ईसीयूचं (इंजिनाच्या संगणकाचं) नव्याने ट्यूनिंग. दाबाखाली पेट्रोल कमी पडलं, तर पिस्टन वितळायला काही सेकंद पुरतात. म्हणून खर्चाचा पहिला वाटा ट्यूनिंगचा. त्याआधी प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासून घ्या. रिंग झिजलेल्या इंजिनावर हा भार टाकू नका.

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, तोही ऑईलच्या पातळ थरावर. ऑईल वेळेवर बदला. घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवू नका, मिनिटभर इंजिन मंद चालू द्या. क्लच आणि ब्रेकही या ताकदीला पुरे पडले पाहिजेत.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तसाच निर्वाळा दिला. परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे हे काम ट्रॅकवरच्या गाडीवर करा. रोजच्या रस्त्यावर टर्बो हवाच असेल, तर कारखान्यातून टर्बोसह आलेली गाडी घ्या.