ऊन पाण्याकाठी एक रात्र

आमच्या इंद्रपुरीतील शेजाऱ्यांचे चिरंजीव जपानहून परतले, आणि तिकडच्या ऊन पाण्याच्या झऱ्याकाठी, ज्याला ते लोक ऱ्योकान म्हणतात अशा जुन्या धाटणीच्या पथिकाश्रमात, आपण काढलेल्या रात्रीची हकीकत त्यांनी अशा तन्मयतेने सांगितली की भोपाळच्या त्या थंडीत ऐकणाऱ्यांनाही ऊब वाटावी. "काका, यामानाशी प्रांतातलं एक ऱ्योकान सन 705 पासून चालू आहे, एकाच घराण्याच्या बावन्न पिढ्यांनी ते सांभाळलं." जोडे दाराशी ठेवावयाचे, निजावयाची गादी रात्री सेविकेने येऊन घालावयाची, हे सारे मी ऐकले खरे, परंतु बुटक्या बैठकीवर बसून अंग साबणाने स्वच्छ धुतल्यावाचून कोणीही कुंडात पाऊल टाकीत नाही, हा तपशील आणि तो बावन्नचा आकडा काही केल्या मनातून जाईना.

पुढे कल्याणला जाणे झाले तेव्हा आपल्याकडचे ऊन पाण्याचे झरे पाहावेत म्हणून भिवंडीवरून वज्रेश्वरी गाठली. वसई फत्ते झाल्यास देऊळ बांधीन असा चिमाजी आप्पांनी येथील देवीस नवस केला होता. 1739 साली वसई हाती आली आणि नवस फेडला गेला. त्या देवळाच्या पायऱ्याही बावन्नच!

मुक्काम तानसा नदीकाठी, जवळच्याच अकलोलीस केला. खोली साधी, जेवण साधे. गंधकाचा मंद वास मात्र अंथरुणापर्यंत आलेला. पहाटे अंधारातच खराट्याच्या आवाजाने जाग आली. मुक्कामाच्या आवारातील स्नानाच्या टाकीत पन्नाशीची एक बाई लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून उतरली होती. तिने चिंध्या गुंडाळलेला दट्ट्या उपसला, पाणी घोगरा आवाज करीत निघून गेले, आणि तळावरचे हिरवे बुळबुळीत शेवाळ ती नारळाच्या सोडणाने, वाळूची चिमूट टाकीत, कोपऱ्याकोपऱ्यातून खरवडू लागली. वाकलेल्या त्या पाठीवरून माझी दृष्टी हलेना. मोरीच्या तोंडाशी साबणाच्या वड्यांचे कागद, केसांचा गुंता, एक तुटके कंकण.

"मावशी, रोज घासता?"

"एक दिवस नाय घासलं तर पोरं घसरतात," ती मान वर न करता म्हणाली. मग दट्ट्या पुन्हा ठोकून तिने झऱ्याची वाट मोकळी केली आणि पाणी कितपत ऊन आहे ते टाचेने पाहिले. ती टाच भेगाळलेली, वाफेने लालबुंद.

पावसाचे पाणी काळ्या कातळाच्या भेगांतून खोल उतरते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि पुन्हा वर उसळते; अकलोली, दापोलीचे उन्हवरे, राजापूरचे उन्हाळे असे कोकणभर त्याचे उमाळे आहेत. देवीने वधलेल्या दैत्यांचे ते रक्त, असे येथील भाविक मानतात. पाण्याच्या बाबतीत, तात्पर्य, आपण जपान्यांहून दरिद्री नाही. उणीव आहे ती पाण्याबाहेर अंग धुण्याच्या शिस्तीची, आणि तिचा सारा भार त्या बाईच्या कमरेवर पडतो, हे मला त्या पहाटे फार लागले.

उजाडल्यावर यात्रेकरू आले, आणि घटकाभरात त्या निवळशंख पाण्यावर साबणाचा फेस तरंगू लागला.

वाचकहो, अकलोलीस जाल तेव्हा साबण काठावरच लावा, दोन तांबे घेऊन तो तेथेच धुऊन टाका, आणि मग पाण्यात उतरा.