परंपरेची कसोटी : मर्दानी खेळ, माती आणि गादी

भोरहून महाडकडे जाणारा रस्ता नीरा-देवघर धरणाच्या जलाशयाजवळून, हिर्डोशीच्या परिसरातून वरंध घाटाकडे वळतो. सह्याद्रीच्या ऐन कुशीतील हा मुलूख इतिहासाला हिरडस मावळ या नावाने परिचित आहे. हे बांदल देशमुखांचे वतन. बाजीप्रभू देशपांडे याच बांदलांच्या पदरी होते आणि त्यांचे सिंद हे गावही भोर तालुक्यातच आहे. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना घोडखिंडीत जी मूठभर माणसे शत्रूला अडवून उभी राहिली, त्यांत या मावळातील बांदलांचे लोक अग्रभागी होते. अशा भूमीत एखाद्या मिरवणुकीत दांडपट्टा फिरू लागला की पाहणाऱ्यांचा ऊर अभिमानाने भरून यावा, हे स्वाभाविकच होय.

परंतु अभिमान वेगळा आणि निर्णय वेगळा. शाळेत मुलामुलींना लाठी शिकवावी की कराटे, जुन्या तालमीत माती भरावी की गादी घ्यावी, स्वसंरक्षणाच्या नावाखाली भरणाऱ्या शिबिरास मान्यता द्यावी की नाही, असे प्रश्न ग्रामसभेपुढे आणि शाळा व्यवस्थापन समितीपुढे येतात. त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो. आपल्या पारंपरिक युद्धकला आजच्या द्वंद्वक्रीडांच्या तुलनेत कितपत परिणामकारक आहेत? या प्रश्नाचे उत्तर भावनेच्या भरात देऊन चालत नाही, कारण त्यावर सार्वजनिक पैसाच नव्हे, तर मुलांची सुरक्षितताही अवलंबून असते.

परिणामकारक, पण कशासाठी?

कोणतेही साधन परिणामकारक आहे की नाही, हे त्याच्या कार्यावरून ठरते. युद्ध, स्पर्धा आणि स्वसंरक्षण ही तीन कार्ये परस्परांपासून भिन्न आहेत. घोडखिंडीचाच दाखला घेऊ. तेथील पराक्रम केवळ शस्त्र फिरविण्याच्या कौशल्याचा नव्हता. वाट अरुंद असल्यामुळे शत्रूच्या संख्याबळाचा उपयोग मर्यादित झाला. भर पावसात, रात्रभर डोंगरवाटा तुडवून आल्यावरही लढण्याइतका दम या माणसांच्या अंगी होता. चढउतार, चिखल आणि पाऊस हे त्यांचे नित्याचे जीवनच होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, राजा गडावर पोहोचेपर्यंत खिंड सोडायची नाही, हा निर्धार होता. शस्त्रविद्या या सर्वांच्या जोडीला होती. तिला या सर्वांपासून तोडून केवळ हातांची हालचाल तेवढी शिल्लक ठेवली, तर तिच्याकडून तोच परिणाम अपेक्षिणे योग्य ठरणार नाही.

स्पर्धेचे गणित निराळे असते. तेथे वजनगट, पंच, वेळ आणि नियम असतात. प्रतिस्पर्धी एकच असतो आणि तो निःशस्त्र असतो. स्वसंरक्षणात यांपैकी कशाचीच हमी नसते. म्हणून एका क्षेत्रात यशस्वी ठरलेली कला दुसऱ्या क्षेत्रात तशीच यशस्वी होईल, असे गृहीत धरता येत नाही. ही मर्यादा पारंपरिक कलेला जशी आहे, तशीच आधुनिक खेळालाही आहे.

झोंबीची कसोटी

तरीसुद्धा तिन्ही क्षेत्रांना लागू पडणारी एक कसोटी आहे. ती कलेच्या वयाची नव्हे, सरावाच्या पद्धतीची आहे. आपल्याला रोखू पाहणाऱ्या, स्वतःची युक्ती लढविणाऱ्या जोडीदाराबरोबर पूर्ण ताकदीने सराव होतो काय? ज्या कलेत असा सराव रोज होतो, तेथे निकामी डाव आपोआप गळून पडतो आणि कामाचा डाव पिढ्यान्‌पिढ्या घासून तयार होतो. जेथे तो होत नाही, तेथे निकामी आणि उपयुक्त डाव शेजारी शेजारी सुखाने नांदतात. कारण त्यांतील फरक दाखविणारा कोणीच नसतो.

जपानचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जुन्या जुजुत्सू विद्येतून ज्यूदोची उभारणी केली. ज्या डावांनी जोडीदारास गंभीर इजा होईल, ते त्यांनी मुक्त सरावातून वगळले आणि जे पूर्ण ताकदीने व तरीही सुरक्षितपणे करता येतील, त्यांवर भर दिला. वरवर पाहता कला सौम्य झाली. प्रत्यक्षात तिची धार वाढली, कारण तिचा खरा सराव शक्य झाला. जपानी तलवारबाजीनेही अठराव्या शतकात बांबूची तलवार आणि संरक्षक चिलखत स्वीकारून हाच मार्ग धरला होता. पुढे १९९३ साली अमेरिकेत डेन्व्हर येथे निरनिराळ्या युद्धकलांच्या खेळाडूंची एकमेकांशी स्पर्धा झाली, तेव्हा ब्राझीलचा रॉयस ग्रेसी विजयी ठरला. शरीराने तो फारसा धिप्पाड नव्हता. पण त्याच्या घराण्याची विद्या ज्यूदोतूनच निघालेली होती आणि जमिनीवरील झोंबीचा तिचा सराव प्रत्यक्ष प्रतिकाराचा होता.

मातीतील कुस्ती : कसोटीस उतरलेली परंपरा

या कसोटीवर महाराष्ट्राची कुस्ती पूर्णपणे उतरते. तालमीत दररोज जोर-बैठका झाल्यावर जोडीदाराशी लढत होते. तेथे नुसत्या नावावर कोणाचा दबदबा टिकत नाही. ढाक, कलाजंग, धोबीपछाड, एकेरी पट, मोळी हे डाव शतकानुशतके टिकले ते प्रतिस्पर्ध्याच्या विरोधाला पुरून उरले म्हणून.

याचा जागतिक पुरावा कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी दिला. मातीत घडलेला हा मल्ल १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकमध्ये उतरला तेव्हा गादीवरील कुस्ती आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम त्यांना नवे होते. तरीही त्यांनी आपल्या वजनगटात सहावा क्रमांक मिळविला. त्यानंतरच्या चार वर्षांत त्यांनी वरच्या वजनगटासाठी कसून तयारी केली आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक पटकाविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. पुढे सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानचे मारुती माने यांनी १९६२ च्या जाकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. मातीने घडविलेला देह आणि डाव जगाच्या आखाड्यात चालतात, हे यावरून सिद्ध झाले. मात्र ते तेव्हाच चालतात, जेव्हा त्यांना नव्या नियमांची जोड मिळते, हेही तितकेच सिद्ध झाले.

जमीन आणि नियम यांचा प्रभाव किती मोठा असतो, हे गामा पहिलवान आणि पोलंडचा झिबिस्को यांच्या दोन लढतींवरून दिसते. १९१० साली लंडनमध्ये गादीवर झालेल्या लढतीत झिबिस्को अडीच तासांहून अधिक काळ गादीला चिकटून बचाव करीत राहिला आणि कुस्ती अनिर्णित सुटली. १९२८ साली पतियाळा येथे, हिंदुस्थानी आखाड्यात, गामाने त्याला मिनिटाच्या आत चीत केले. मधल्या अठरा वर्षांत दोघांचे वय वाढले होते, म्हणून सारे श्रेय मातीला देता येत नाही. परंतु बचावाची जी रीत एका आखाड्यात तारक ठरली, ती दुसऱ्यात उपयोगी पडली नाही, एवढे स्पष्ट आहे.

माती आणि गादी यांतील भेद

मैदानी निकाली कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लावणे हेच एकमेव उद्दिष्ट असते. त्यामुळे मल्ल दम राखतो, गर्दनखेच करतो, समोरच्याला थकवितो आणि संधीची वाट पाहतो. लांगेची पकड तेथे चालते. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मऊ केलेली माती अंगाला धरते आणि पडणाऱ्याला सावरते.

गादीवरील कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते आणि मध्ये तीस सेकंदांची विश्रांती मिळते. नऊ मीटर व्यासाच्या वर्तुळात प्रत्येक हालचालीला गुण असतात. खाली घेऊन ताबा मिळविला की दोन गुण, वर्तुळाबाहेर ढकलले की एक गुण, आणि मुक्त शैलीत दहा गुणांची आघाडी झाली की लढतच संपते. नुसता बचाव करणाऱ्यास पंच ताकीद देतात आणि पोशाख धरण्यास मनाई असते. साहजिकच पायांवरील वेगवान चढाईला येथे फार महत्त्व येते. वाट पाहण्याची सवय जडलेला मल्ल पहिल्या मिनिटातच मागे पडतो.

म्हणून माती विरुद्ध गादी हा वाद निष्फळ आहे. महाराष्ट्र केसरी स्पर्धेने यावर सुज्ञ तोडगा काढला आहे. तीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींतील विजेते मानाच्या गदेसाठी एकमेकांशी भिडतात. बीड जिल्ह्याच्या राहुल आवारे यांनी २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळविले, तेही आपल्याच तालमींच्या परंपरेतून येऊन. मातीने पाया घालावा आणि गादीने त्यावर इमारत चढवावी, हाच व्यवहार्य क्रम दिसतो.

मर्दानी खेळांचे काय?

लाठी, विटा, फरी-गदगा, बोथाटी आणि दांडपट्टा यांची गोष्ट वेगळी आहे. बंदुकीचे युग आले, राज्य गेले आणि १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने शस्त्र बाळगण्यावर कडक निर्बंध आले. शस्त्राचा उपयोग संपला, तेव्हा उरले ते प्रात्यक्षिक. कोल्हापूर आणि अन्य ठिकाणच्या वस्तादांनी ही विद्या जिवापाड जतन केली, हे त्यांचे थोर ऋण आहे. २०२४ मध्ये दांडपट्ट्यास राज्यशस्त्राचा दर्जा देऊन शासनाने त्या वारशाचा उचित गौरव केला.

मात्र प्रात्यक्षिकाची मर्यादा ओळखली पाहिजे. जमिनीवर ठेवलेले लिंबू पट्ट्याने अचूक दुभंगणे हे डोळा, मनगट आणि पदन्यास यांच्या एकतानतेचे उच्च कौशल्य आहे. तथापि लिंबू जागचे हलत नाही; प्रतिस्पर्धी हलतो, हुलकावणी देतो, उलट वार करतो. ठरवून घेतलेले वार आणि ठरवून दिलेला बचाव यांतून लय येते, अंदाज येत नाही. म्हणून वर्षभर पट्टा फिरविणारा मुलगा लढाऊ झाला, असे मानणे ही त्याची आणि आपलीही फसवणूक ठरेल.

यावरचा उपाय बाहेरून आणावा लागत नाही. फरी-गदगा म्हणजे चामड्याची ढाल आणि बोथट दांडका घेऊन दोघांनी खेळावयाचा सामनाच होता. बोथाटीच्या टोकालाही धार नसे. तेथे कापडाचा बोंडा असे. पूर्वजांनी झोंबीचे महत्त्व ओळखून सुरक्षित सरावाची साधने तयार केली होती; पुढे प्रेक्षकांच्या टाळ्यांत ती मागे पडली. पंजाबच्या गतक्याने नियम व गुणपद्धती स्वीकारली आणि २०२२ मध्ये पंचकुला येथे झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत त्यास स्थान मिळाले. त्याच स्पर्धेत मल्लखांबाचाही समावेश होता. आपल्या फरी-गदग्यासही हा मार्ग मोकळा आहे.

स्वसंरक्षणाचा प्रश्न

मुलींसाठी स्वसंरक्षणाचे प्रशिक्षण देताना तर अधिकच सावधगिरी हवी. आठवडाभराच्या शिबिरात शिकविलेले दहा-बारा डाव, मग ते लाठीचे असोत वा कराटेचे, प्रत्यक्ष झटापटीत आठवतील अशी खात्री देता येत नाही. पण सहा महिने नियमाने कुस्ती किंवा ज्यूदो खेळलेली मुलगी पकड कशी सोडवावी, तोल कसा राखावा आणि पडल्यावर कसे उठावे, हे अंगाने शिकते. तिची भीड चेपते. मुलींची कुस्ती २००४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे; तेव्हा तालमीचे दार त्यांना बंद ठेवण्याचे कारण उरलेले नाही.

याबरोबरच कोणताही खेळ चाकूपुढे किंवा टोळक्यापुढे अभय देत नाही, हे मुलांना स्पष्ट सांगितले पाहिजे. धोका वेळीच ओळखणे, मोठ्याने ओरडणे, तेथून निसटणे, ११२ या क्रमांकावर मदत मागणे आणि घडलेली गोष्ट विश्वासाच्या माणसास सांगणे, हे स्वसंरक्षणाचे पहिले धडे होत. कायद्याने स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे. पण तो आवश्यक तेवढ्याच बळापुरता आहे, हेही शिकविले जावे.

गावपातळीवर काय करता येईल?

हिर्डोशीसारख्या अतिपर्जन्याच्या, विखुरलेल्या वाड्यांच्या प्रदेशात प्रत्येक गावी गादी घेणे परवडणारे नाही आणि कोरड्या, बंदिस्त जागेअभावी ती टिकणारही नाही. गावोगावी छपराखालची मातीची तालीम आणि परिसरातील एखाद्या मध्यवर्ती माध्यमिक शाळेत सामाईक गादी, अशी विभागणी अधिक सोयीची होईल. लहान मुलांना मातीतच तयार करावे आणि स्पर्धेच्या वयाची मुले ठरावीक दिवशी गादीवर न्यावीत. मर्दानी खेळांसाठी बोथट, गुंडाळलेल्या काठ्या, जाळीचे शिरस्त्राण आणि हातमोजे यांची तरतूद व्हावी, म्हणजे प्रात्यक्षिकाच्या जोडीला सामनाही खेळता येईल.

कोणत्याही प्रशिक्षणास मान्यता देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. शिकणारे प्रतिकार करणाऱ्या जोडीदाराशी सराव करतात काय? तो सुरक्षितपणे करण्याची साधने व शिक्षक आहेत काय? प्रशिक्षण वर्षभर चालणार आहे की एका समारंभापुरते? आणि जे साधण्याचे आश्वासन दिले जात आहे, ते याच प्रकारच्या सरावाने साधणारे आहे काय? ही उत्तरे समाधानकारक असतील, तर कला तीनशे वर्षांची आहे की तीस वर्षांची, याने फरक पडत नाही.

हिरडस मावळच्या माणसांनी खिंड लढविली, ती त्या काळच्या खऱ्या कसोटीला उतरलेल्या तयारीच्या बळावर. त्यांच्या शस्त्रांची पूजा आपण करतोच. त्यांच्या तयारीचे अनुकरण करावयाचे तर रोजच्या तालमीला पर्याय नाही.